सातपूरचा ‘घण’

जीवन गांगुर्डे इगतपुरीला रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरीला होता, आणि फावल्या वेळात तो कुणी न ऐकलेल्या थ्रॅश मेटल बँडांबद्दल मराठीत बोलायचा. त्याच्या यूट्यूब चॅनेलचं नावच ‘न ऐकलेलं’ असं होतं. गिटारचा करवतीसारखा आवाज, ड्रमची पळापळ आणि वर कुणीतरी घसा फाडून ओरडतंय, हे म्हणजे थ्रॅश, अशी घरच्यांची समजूत होती आणि ती फारशी चुकीचीही नव्हती. जीवनला मात्र त्या गोंगाटात शिस्त दिसायची. इतक्या वेगात चार माणसं एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी पुन्हा सुटतात, याचं त्याला शाळेत असल्यापासून अप्रूप होतं.

जगात गाजलेल्या बँडांना तो हात लावायचा नाही. “ज्यांचे टी-शर्ट नाशिकला कॉलेज रोडवर मिळतात, त्यांच्याबद्दल सांगायला मी कशाला पाहिजे?” असं तो आशाला, म्हणजे बायकोला सांगायचा. तो शोधून काढायचा ते कुठल्यातरी देशातल्या खाणीच्या गावातले, बंदरावरचे, एकच कॅसेट काढून विरून गेलेले बँड. त्याचे व्हिडिओ शे-दोनशे माणसं बघायची. त्यातली निम्मी तर त्याला नावानिशी ठाऊक होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याने ‘घण’वर व्हिडिओ केला, आणि सगळं गणितच बदललं.

‘घण’ हा नाशिकमधल्या सातपूरचा बँड. जीवन सातपूरला आयटीआयमध्ये शिकत असताना एका मित्राने त्याला त्यांची सीडी दिली होती. झेरॉक्स काढलेलं काळं-पांढरं कव्हर, त्यावर हातोड्याचं चित्र, आत पाच गाणी. गाणी मराठीत होती. कारखान्याचा भोंगा, लोडशेडिंग, प्रेस मशीनखाली गेलेलं बोट, हे विषय. जीवनने ती सीडी झिजेपर्यंत ऐकली. परदेशातल्या नावाजलेल्या बँडांच्या पंक्तीत बसतील अशी ही माणसं त्याच्या हॉस्टेलपासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर राहत होती, आणि शहरात त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. हे त्याला तेव्हाही खटकलं होतं.

व्हिडिओसाठी माहिती गोळा करताना त्याला इंटरनेटवर नाशिकच्या पोरांचं एक जुनं चर्चेचं पान सापडलं. तिथे कुणीतरी लिहिलं होतं: “सोम्या गेला यार. घण संपला.” खाली चार-पाच जणांनी हळहळ व्यक्त केली होती. सोम्या म्हणजे गिटारवाला सोमनाथ शेवाळे. जीवनला वाईट वाटलं, अगदी मनापासून. त्याने घाटाकडच्या धुक्यात कॅमेरा लावला, आवाज खाली आणला आणि सांगितलं की या माणसाला जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, निदान आता तरी ऐका. गायकाचंही त्याने तोंड भरून कौतुक केलं. सीडीवर ‘आवाज आणि बास: यू. शेवाळे’ एवढंच होतं. “हा बहुधा सोमनाथचा भाऊ असावा. इतका रांगडा मर्दानी गळा मराठीत दुसरा नाही,” असं तो म्हणाला.

बघता बघता व्हिडिओ चाळीस हजारांच्या वर गेला. पुण्या-मुंबईची पोरं, परदेशात नोकरीला गेलेली नाशिकची माणसं, सगळे येऊन दोन फुलं वाहून जात होते. जीवनने तो आकडा स्टेशनवरच्या सहकाऱ्यांना दाखवला. साहेबांनी सुद्धा मोबाइल हातात घेऊन बघितला.

मग एके दिवशी ड्युटीवरून घरी येऊन तो सकाळचा चहा घेत होता, तेव्हा त्याला नवी प्रतिक्रिया दिसली.

“सोमनाथ शेवाळे गेलेला नाही. आत्ता माझ्यासमोर बसून पोहे खातोय. आणि तुम्ही ज्याला मर्दानी गळ्याचा भाऊ म्हणता, तो भाऊ नाही, बहीण आहे. ती मी. उज्वला शेवाळे.”

खाली फोन नंबर होता.

जीवनने कप खाली ठेवला. कुणीतरी चेष्टा करतंय, असं आधी त्याच्या मनात आलं. त्याने ते जुनं पान पुन्हा उघडलं आणि या वेळी सगळं सावकाश वाचलं. बरंच खाली, दुसऱ्याच कुणीतरी विचारलं होतं, “कुठे गेला?” आणि उत्तर होतं, “वापीला. कंपनीत लागलाय.”

त्याने मोबाइल आशापुढे धरला. तिने वाचलं, पुन्हा वर जाऊन वाचलं.

“अहो, ‘गेला’ म्हणजे गावाला गेला होता तो,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तुम्ही त्याला पोचवलात.”

आशाने मोबाइल परत दिला. “फोन करा त्यांना. आत्ताच करा, उद्यावर गेलं की तुम्हाला जमणार नाही.”

फोन उज्वलानेच घेतला. आवाज साधा होता, शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ. त्या गाण्यांमधला आवाज या गळ्यातून निघतो, हे जीवनला पटेना. त्याने माफी मागायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, “फोनवर नको. रविवारी दुपारी या. सातपूरला सोमाचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तिथे. जेवून या, आमच्याकडे फक्त चहा मिळतो.”

रविवारी जीवन मोटारसायकलवर निघाला. घोटी, वाडीवऱ्हे मागे टाकत नाशिकपर्यंत येईतो त्याने मनात चार वेगवेगळ्या माफ्या तयार केल्या होत्या. औद्योगिक वसाहतीत सुट्टीची शांतता होती. बंद फाटकं, चहाच्या टपरीवर दोन वॉचमन, रस्त्यात झोपलेली कुत्री. शेड सापडायला वेळ लागला नाही. दारात अर्धवट रंगवलेलं एक लोखंडी गेट उभं होतं, आणि द्राक्षबागेच्या मांडवाला लागतात तशा अँगलचा ढीग भिंतीला लावून ठेवला होता.

आतून एक जाडसर, टक्कल पडू लागलेला माणूस हात पुसत बाहेर आला.

“जीवनभाऊ ना? या. मी कैलासवासी,” तो म्हणाला.

जीवनला हसावं की नाही कळेना. सोमनाथने त्याचा हात धरून त्याला स्टुलावर बसवलं आणि चहा ओतला.

“दादा, माझी फार मोठी चूक झाली,” जीवन म्हणाला. तयार केलेल्या माफ्यांपैकी एकही त्याला आठवली नाही.

“झाली खरी. आमची भागीबाई मावशी नामपूरला असते. तिच्या नातवाने तुमचा व्हिडिओ बघितला आणि तिला दाखवला. ती बिचारी कांद्याच्या पिकअपमध्ये बसून थेट इथे आली. मी त्या तिथे खाली बसून वेल्डिंग करत होतो. तोंडावर मास्क. ती दारात उभी राहून सगळ्यांना अहिराणीत विचारतेय, ‘मना सोमा कथा शे?’ मी मास्क वर केला. म्हटलं, मावशी, इथंच आहे.”

“मग?”

“मग काय. आधी दोन रट्टे दिले मला. मग रडत बसली. मग म्हणाली, आता आलेच आहे तर चार दिवस राहते.” सोमनाथ हसला. “तिच्या पोरांना जमलं नव्हतं तिला नाशिकला आणायला. तुमच्यामुळे आली.”

तो इतक्या सहजपणे बोलत होता की जीवनला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. तेवढ्यात उज्वला आली. चाळिशी ओलांडलेली, अंगाने बारीक, कॉटनचा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स. ती एका इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कंपनीत तपासणी विभागात होती. तिने जीवनकडे बघून मान हलवली आणि समोरच बसली.

“सोमाचं मला तेवढं काही वाटलं नाही,” ती म्हणाली. “तो जिवंत आहे हे दिसतंच आहे. पण माझं काय? मी आहे हेच तुम्हाला माहीत नव्हतं.”

“सीडीवर फक्त ‘यू’ होतं, ताई.”

“मीच तसं छापायला सांगितलं होतं. पूर्ण नाव टाकलं की पोरं आधी नावावर बोलायची, गाण्यावर नाही. म्हणून ‘यू’. तर तुम्ही मला भाऊ करून टाकलं.” ती किंचित हसली, पण डोळे हसत नव्हते. “चाळीस हजार लोकांनी ऐकलं ना ते? चाळीस हजार लोकांना वाटतंय की तो पुरुष आहे.”

जीवनने मान खाली घातली. मग त्याला जे विचारायचं होतं ते त्याने विचारलं. तुम्ही बंद का केलंत?

भाऊ-बहिणीने एकमेकांकडे पाहिलं. सोमनाथने सांगितलं. तो वापीहून वर्षभरात परत आला होता. त्यानंतर एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ताई, घसा बसला असेल, आता एखादी लावणी होऊ द्या. सगळा हॉल हसला. आयोजकांपैकी एकजण स्टेजवर आला आणि त्यानेही हसत हसत माइकमध्ये तेच म्हटलं. उज्वलाने बास गिटार खाली ठेवली, वायर गुंडाळली आणि ती चालत घरी गेली. पुन्हा स्टेजवर चढणार नाही, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

“आणि तिथेच घण संपला,” जीवन म्हणाला.

“संपला असं कोण म्हणालं?” उज्वला म्हणाली.

शेडच्या दारात एक सायकल थांबली. साठीच्या आसपासचा, काळासावळा, काटक माणूस कॅरिअरवरून कापडात गुंडाळलेल्या काठ्या सोडत होता. हा कोंडाजी. मूळचा पेठकडचा, पण उभी हयात सातपूरच्या प्रेसशॉपमध्ये काढलेली. सीडीवर ड्रमसमोर त्याचं फक्त एवढंच नाव होतं. जीवनने व्हिडिओत त्याच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, कारण काही सापडलंच नव्हतं.

“हे ते पाव्हणे का? सोमाला मारला ते?” कोंडाजीने विचारलं.

“हेच,” सोमनाथ म्हणाला.

“बरं हाय. बसा.” एवढं बोलून तो आत गेला आणि शेडच्या मागच्या भिंतीवरची ताडपत्री त्याने ओढून काढली. खाली ड्रम होते. एका झांजेला चीर गेली होती. बाजूला अॅम्प्लिफायर, दोन गिटारींच्या पेट्या.

“स्टेज सोडलं आम्ही,” सोमनाथ उठत म्हणाला. “रविवार नाही सोडला.”

इतकी वर्षं ते दर रविवारी वाजवत होते. लग्नं झाली, कंपन्या बंद पडल्या, करोना आला, तो ओसरला. रविवारी दुपारी कारखाने बंद असतात, आवाजाची तक्रार करायला आसपास कुणी नसतं. कोंडाजी म्हणाला, “घरी बसून काय करू? हात आखडत्यात.”

आणि मग त्यांनी सुरू केलं.

जीवन स्टुलावर बसून होता. पहिल्याच फटक्याला पत्र्याचं छप्पर थरथरलं. सोमनाथचा उजवा हात तारांवर इतका झरझर आणि इतका मोजका चालत होता की वर खांदा जागचा हलत नव्हता. तळहाताने तारा दाबून काढलेला तो करकरीत आवाज जीवनला झोपेतही ओळखता आला असता. कोंडाजीची मान सरळ होती, चेहरा शांत होता. बसस्टॉपवर बसची वाट बघत बसलेल्या माणसाचा असावा तसा. पाय मात्र सुटले होते. आणि उज्वला माइकपाशी आली. तिने डोळे मिटले नाहीत की हातवारे केले नाहीत. पोटातून, फासळ्यांच्या खालून कुठूनतरी तो आवाज वर आला, आणि जीवनच्या हातावर काटा उभा राहिला.

ते गाणं सीडीवरचं नव्हतं. त्याच्या पुढचं गाणंही नव्हतं. नवी गाणी जुन्यांपेक्षा चांगली होती. वेग तोच, पण आता त्यात थांबण्याच्या जागा होत्या. एका गाण्यात सगळं एकदम बंद पडायचं, आणि त्या शांततेत उज्वला एकच ओळ साध्या आवाजात म्हणायची, “भोंगा वाजत नाही आता, सवयीनं जाग येते.” मग पुन्हा तिघं एकदम तुटून पडायचे.

आपण अख्ख्या जगाला सांगितलं की हे संपले, जीवनच्या मनात आलं, आणि हे इथे दर रविवारी सुधारत होते. मेलेल्या माणसाबद्दल बोलणं त्याला सोपं गेलं होतं. एकदा सातपूरला जाऊन चौकशी करावी, असं त्याला सुचलंच नव्हतं.

वाजवून झाल्यावर पुन्हा चहा झाला. जीवनने त्या व्हिडिओचा विषय काढला. काय करू ते तुम्हीच सांगा, तो म्हणाला. खाली चूक-दुरुस्ती लिहू शकतो, नाहीतर पूर्ण काढून टाकू शकतो.

“राहू द्या की,” सोमनाथ म्हणाला. “मेल्यावर का होईना, लोकांनी ऐकलं. काढलात तर ते चाळीस हजार पण जातील. तुमचंही नुकसान. खाली दोन ओळी लिहा, पुरे.”

“दोन ओळी कोण वाचतं?” उज्वला म्हणाली. ती सावकाश कप धुऊन पालथा ठेवत होती. “लोक तुझ्यासाठी रडले, सोमा. गाण्यासाठी नाही.”

“रडता रडता ऐकलं ना पण.”

ती जीवनकडे वळून म्हणाली, “तुमचं चॅनेल आहे, तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही.”

इगतपुरीला परत जाताना जीवन तोच विचार करत होता. खरं तर ठरवायला काही नव्हतं. तरी घरी पोचल्यावर, जेवताना, नंतर अंथरूण घालताना तो आशाला व्हिडिओ ठेवण्याची तीच तीच कारणं वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिला. इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती. त्यातली काही आता बाकीचे व्हिडिओही बघू लागली होती. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आता कुठे जरा नाव होत होतं.

आशाने ऐकून घेतलं. “तुम्ही नेहमी म्हणता, चांगल्या माणसांना कुणी ओळखत नाही. त्या बाईला तुम्ही तरी ओळखलंत का?”

ती रागाने बोलली नव्हती. उशीला अभ्रा घालता घालता तिने विचारलं होतं. जीवनने मोबाइल उचलला आणि व्हिडिओ काढून टाकला. चॅनेलचं पान एकदम रिकामं दिसू लागलं.

पुढच्या रविवारी तो कॅमेरा आणि उसना आणलेला चांगला माइक घेऊन सातपूरला गेला. त्याने नवा व्हिडिओ केला. आधी कॅमेऱ्याकडे बघून आपली चूक सांगितली, ‘गेला’ या शब्दाने कसा घात केला तेही सांगितलं. मग तो बाजूला झाला. घणने दोन नवी गाणी वाजवली आणि उज्वलाने आपलं पूर्ण नाव सांगितलं. कोंडाजीला बोलायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मी नाय बोलत. वाजवतो,” आणि तेही जीवनने तसंच ठेवलं.

नवा व्हिडिओ पाचशेच्या पुढे सरकला नाही. काही जणांनी उलट तक्रार केली की आम्ही उगाच रडलो. एकाने लिहिलं, बाईचा आवाज कॉम्प्युटरवर केलेला वाटतो. जीवनने त्याला उत्तर लिहायला घेतलं, पण उज्वलाने त्याच्याआधी लिहून टाकलं होतं: “रविवारी दुपारी सातपूरला या आणि समोर बसून ऐका.”

ते तिने त्या एकट्याला लिहिलं होतं, पण वाचलं बऱ्याच जणांनी. आम्ही आलो तर चालेल का, अशी विचारणा सुरू झाली. जीवनने घाबरतच तिला फोन केला.

“ताई, लोक खरंच येतील.”

“शेडमध्ये स्टेज नाही,” ती म्हणाली. “येऊ देत.”

आले ते वीस-पंचवीस जण असतील. मालेगावहून दोन भाऊ, सिन्नरचा एक शिक्षक, पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या तीन मुली, कंपनीतल्या उज्वलाच्या दोघी मैत्रिणी. आवाज कॉम्प्युटरचा म्हणणारा आला की नाही, ते कुणाला कळलं नाही. सगळे अँगलच्या ढिगाऱ्यावर, उलट्या ठेवलेल्या डब्यांवर, जागा मिळेल तिथे बसले. भागीबाई मावशी अजून नामपूरला परत गेली नव्हती. ती सगळ्यात पुढे खुर्चीवर, कानात कापूस घालून बसली होती. जीवनबरोबर आशाही आली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ती हे संगीत समोर बसून ऐकणार होती.

पहिल्या गाण्याआधी उज्वलाने बासचा पट्टा दोनदा नीट केला, माइक उगाच खालीवर केला. मागून कोंडाजीने काठ्या एकमेकांवर आपटायला सुरुवात केली, तिच्याकडे न बघता, नेहमीच्या रविवारसारखी. चौथ्या ठोक्याला ती त्याच्याबरोबर होती.

कुणी हसलं नाही, कुणी ओरडून फर्माईश केली नाही. पुण्याच्या मुली दुसऱ्या गाण्यापासून उभ्या राहिल्या, आणि मग बाकीचेही. साध्या आवाजातली ती ओळ आली तेव्हा शेडमध्ये फक्त अॅम्प्लिफायरची घरघर ऐकू येत होती. सिन्नरचा शिक्षक चष्मा काढून डोळे पुसत होता.

संपल्यावर लोक लगेच हलले नाहीत. मालेगावच्या भावांनी कोंडाजीला ड्रमविषयी काय काय विचारलं, आणि कधी नव्हे तो कोंडाजी बोलत राहिला. पुण्याच्या मुलींनी उज्वलाला मध्ये घेऊन फोटो काढले. त्यातल्या एकीने विचारलं, “पुण्याला याल का? आमच्या ओळखीचा एक हॉल आहे. छोटा आहे.”

उज्वलाने सोमनाथकडे बघितलं. तो गिटार पुसत होता. त्याने खांदे उडवले.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “रविवार सोडून असेल तर सांगा.”

परतताना ऊन कलत आलं होतं. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे जीवनने एका टपरीपाशी गाडी थांबवली. आशाच्या कानांत अजून गुंईऽऽ आवाज येत होता आणि ती नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती.

“मला शब्द निम्मे कळले नाहीत,” ती म्हणाली. “पण त्या बाई थांबूच नयेत असं वाटत होतं.”

जीवनने दोन चहा सांगितले. समोरून ट्रक जात होते. आशा घणच्या त्या चालीत बोटांनी टेबलावर काहीतरी वाजवायला बघत होती, जमत नव्हतं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.